आकाशातले ढीग कुणी लावले?

(पाहणीचे तक्ते भरायला सुरुवात करण्याआधी कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात झालेल्या बोलण्याचं शब्दांकन)



चहाच्या आधी आपण जो खेळ खेळलो तिथूनच सुरुवात करते. प्रत्येक गटाला मी चाळीस फोटो दिले आणि एवढंच सांगितलं, की सारखे वाटतील ते एकत्र ठेवा. किती ढीग करायचे, त्यांना नावं काय द्यायची, काहीच सांगितलं नाही. फोटो कशाचे आहेत तेही नाही. आता भिंतीवर बघा. खिडकीजवळच्या गटानं तीन ढीग केलेत : चकल्या, इडल्या आणि 'कडेनं धरलेली भाकरी'. मागच्या गटाचे सात झालेत. दाराजवळ तर भांडणच झालं. एकीचं म्हणणं, मधे दांडी असलेली चकली वेगळी ठेवायची; दुसरी म्हणते, चकली ती चकली. आणि कोपऱ्यातल्या मावशींनी काही फोटो बाजूला काढले आणि त्या ढिगाला नाव दिलं, 'ज्यांना कुठंच जागा नाही ते'.

हे सगळे फोटो दीर्घिकांचे आहेत. आपला सूर्य ज्या ताऱ्यांच्या थव्यात आहे ती आपली आकाशगंगा. तिच्यात अब्जावधी तारे आहेत. तसे असंख्य थवे आकाशात दूरदूर पसरलेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. एडविन हबल या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1926 मध्ये त्यांची जी विभागणी केली ती आजही शिकवतात : लंबवर्तुळाकार म्हणजे तुमच्या इडल्या, सर्पिल म्हणजे चकल्या, दांडीवाल्या सर्पिल, आणि उरलेल्या सगळ्या 'अनियमित'. म्हणजे दाराजवळच्या भांडणात दांडीवालीचं म्हणणं हबलनं मान्य केलं होतं, आणि मावशींचा ढीगही त्यानं ठेवला होता, फक्त नाव जरा कोरडं दिलं.

पण खिडकीजवळच्या गटाला एक सांगायला हवं. तुमची कडेनं धरलेली भाकरी ही वेगळी वस्तू नाही. तीही चकलीच. ती आपल्याकडे कड करून उभी आहे, म्हणून तिचे वेढे दिसत नाहीत. तिसरा ढीग दीर्घिकांचा नव्हताच, आपण कुठून बघतो त्याचा होता.

आता तुम्ही म्हणाल, उद्यापासून घरकामगार बायकांच्या पाहणीचे फॉर्म वेगळे करायला बसायचं, आणि ही आज आकाशात कुठं निघाली? मी खगोलशास्त्र शिकलेली नाही. समाजकार्यात एम.ए. केलं, त्यात संख्याशास्त्राचा एक पेपर होता, तो कसाबसा सुटला. पण गेली दोन-तीन वर्षं हा विषय मिळेल तिथून वाचतेय. का, ते मधे सांगेन. आधी ढीग लावणाऱ्या बायकांविषयी.

अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत पाच लाखांवर काचा आहेत. पूर्वी फिल्मच्या जागी काच वापरत. रात्रभर दुर्बिणीला काच लावून आकाशाचा फोटो घ्यायचा. त्यात आकाश पांढरं आणि तारे काळे ठिपके. दुर्बिणीपाशी पुरुष बसत. दिवसा त्या काचा टेबलावर घेऊन, डोळ्याला भिंग लावून, ठिपका न् ठिपका मोजणं, लिहिणं, वर्गवारी करणं हे काम बायकांचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत हे सुरू झालं. पगार साधारण तासाला पंचवीस सेंट. संचालक होते एडवर्ड पिकरिंग, आणि या खोलीला बाहेरचे लोक 'पिकरिंगचा जनानखाना' म्हणत. पुढचे संचालक हार्लो शेपली. ते कामाचा हिशेब 'पोरगी-तास' या मापानं करायचे. अमुक काम इतक्या पोरगी-तासांचं. आपल्याकडे मजुरीच्या हिशेबात 'बाईमाणूस' वेगळं धरतात, तसंच.

या खोलीत पहिल्यांदा नावारूपाला आल्या विल्यमिना फ्लेमिंग. स्कॉटलंडहून नवऱ्याबरोबर आल्या, पोट असताना नवऱ्यानं टाकलं, आणि पिकरिंगच्या घरी मोलकरीण म्हणून लागल्या. हो, घरकामगार. 1881 पासून वेधशाळेत कामाला घेतलं. पुढं त्यांनी हजारो ताऱ्यांची वर्गवारी केली. 1888 मध्ये एका काचेवर त्यांना मृग नक्षत्रात घोड्याच्या मानेसारखा एक काळा आकार सापडला. आज तो अश्वशीर्ष तेजोमेघ म्हणून शाळेच्या पुस्तकात असतो. 1895 मध्ये अशा वस्तूंची जी मोठी यादी छापली गेली तिच्यात शोधणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं पिकरिंगचं. नंतरच्या यादीपासून फ्लेमिंगबाईंची नावं लागायला लागली. 1900 च्या रोजनिशीत त्यांनी लिहून ठेवलंय, की मला वर्षाला पंधराशे डॉलर, काही पुरुष साहाय्यकांना पंचवीसशे, आणि घर चालवायचं, मुलगा शिकवायचा तो मलाही आहेच. सव्वाशे वर्षांपूर्वीचं दुसऱ्या देशातलं लिखाण आहे, पण हे वाक्य मी आपल्या बैठकीत किती वेळा ऐकलंय!

दुसऱ्या हेन्रिएटा लेव्हिट. कानांनी कमी ऐकू यायचं. तासाला तीस सेंट. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंद होतात. मॅगेलनचे मेघ नावाचे दोन पुंजके दक्षिणेच्या आकाशात दिसतात, त्यांचे पेरू देशातून घेतलेले फोटो त्यांच्याकडे आले. त्यांतून त्यांनी असे 1777 तारे शोधले आणि 1908 मध्ये छापले. मग त्यातल्या पंचवीस ताऱ्यांवरून 1912 मध्ये नियम मांडला : उजळायला-मंदायला जितके जास्त दिवस, तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. ही गोष्ट साधी वाटते, पण तिनं आकाशाला फूटपट्टी मिळाली. दूरवर दिवा दिसतोय. तो शंभरचा बल्ब आहे की पंधराचा हे कळलं, तर किती लांब आहे ते काढता येतं. ते पत्रक निघालं पिकरिंगच्या सहीनं. पहिल्याच वाक्यात लेव्हिटबाईंनी हे तयार केलं असं लिहिलंय, हे खरं. पण सही पिकरिंगची.

हीच फूटपट्टी घेऊन हबलनं 1923 मध्ये देवयानीतल्या पुंजक्यात असा एक तारा धरला आणि दाखवून दिलं, की तो पुंजका आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे. तोवर सगळं विश्व म्हणजे आपलीच आकाशगंगा असं मानणारे बरेच होते, शेपलीही त्यातलेच. लेव्हिट 1921 मध्येच कर्करोगानं गेल्या होत्या. 1925 मध्ये स्वीडनहून एका गणितज्ञाचं त्यांच्या नावे पत्र आलं, नोबेलसाठी नाव सुचवायचा विचार आहे म्हणून. त्या जाऊन तीन वर्षं उलटलीत, हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

तिसरं नाव कुणी फारसं घेत नाही, आणि मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं. ॲडलेड एम्स. 1900 चा जन्म. खगोलशास्त्रात मास्टर्स करून हार्वर्डला शेपलींकडे लागल्या. कन्या राशीच्या आणि तिच्या शेजारी अरुंधती केश या तारकापुंजाच्या भागात दीर्घिकांची फार दाटी आहे. त्यांनी तिथल्या 2778 दीर्घिकांची यादी केली, ती 1930 मध्ये निघाली. मग शेपली आणि त्यांनी मिळून सगळ्या आकाशाची यादी करायला घेतली. ती 1932 मध्ये निघाली. त्यात 1249 दीर्घिका.

आता हे नीट ऐका, कारण उद्याच्या कामाशी त्याचा संबंध आहे. 2778 नंतर 1249 म्हणजे काम कमी झालं असं नाही. तोवर ज्या मोठ्या याद्या होत्या त्या कशा झाल्या होत्या? ज्याला जे दिसलं, जे मजेदार वाटलं, ते त्यानं नोंदवलं. या यादीत त्यांनी तेजाची एक रेघ ठरवली. त्या रेघेच्या वरची प्रत्येक दीर्घिका घ्यायची, देखणी असो, बेढब असो, उत्तरेची असो, दक्षिणेची असो. प्रत्येकीची जागा, तेज, आकारमान, प्रकार. आपण जेव्हा म्हणतो की वस्तीतलं एकही घर सोडायचं नाही, ओळखीच्या घरीच बसून फॉर्म भरायचे नाहीत, तेव्हा आपण तेच म्हणत असतो.

असं सरसकट मोजल्यावर काय दिसलं? दीर्घिका आकाशात सारख्या पसरलेल्या नाहीत. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याच्या उत्तरेला त्या दक्षिणेपेक्षा खूप जास्त, आणि कन्या राशीत तर जत्रा. प्रत्यक्ष पट्ट्यावर मात्र जवळजवळ काहीच नाही! तिथं दीर्घिका नाहीत म्हणून नव्हे. आपल्याच आकाशगंगेची धूळ आड येते. चुलीच्या धुरात बसून दार उघडं टाकलं तरी अंगणात कोण उभं आहे ते दिसत नाही, तसं. फॉर्मवर शून्य आलं की ते तिथलं शून्य आहे की आपल्या घरातल्या धुराचं, हे विचारायचं मी या यादीवरून शिकले. शिवाय जी रेघ ठरवली तिच्या खालच्या मंद दीर्घिका सुटल्याच. रेघ ओढल्याशिवाय मोजता येत नाही, पण ती आपण ओढलीय हे विसरायचं नाही.

ज्या वर्षी ही यादी आली त्याच वर्षी, जून 1932 मध्ये, सुट्टीत एका तळ्यात नाव उलटून ॲडलेड एम्स बुडाल्या. बत्तीस वर्षांच्या होत्या. पण यादीचं नाव 'शेपली-एम्स' राहिलं. 1981 मध्ये दोन पुरुष शास्त्रज्ञांनी तिची सुधारून नवी आवृत्ती काढली, तेव्हाही 'शेपली-एम्स' हे नाव काढलं नाही. पुस्तकाच्या पाठीवर तिचं नाव आहे.

आता मी मघाशी म्हटलं ते. काही वर्षांपूर्वी आपल्या पहिल्या पाहणीचा अहवाल मी लिहिला. तेव्हा मला पदवीची हवा होती. वस्तीतल्या सात जणींनी उन्हातान्हात फिरून फॉर्म भरले. अहवालावर नाव एकटीचं, माझं. त्यांच्यासाठी आत एक ओळ : 'स्थानिक महिलांच्या साहाय्याने'. एवढंच असतं तरी मी कदाचित विसरले असते. पण फॉर्म वेगळे करताना व्यवसायाच्या रकान्यात 'इतर'चा गठ्ठा सगळ्यांत जाड झाला. त्या सातांपैकी एक जण म्हणाली, "ताई, ह्या गठ्ठ्यातल्या निम्म्या जणी घरी बसून पापड लाटतात, गोधड्या शिवतात, मणी ओवतात. यांचा वेगळा ढीग लावू या की." मी म्हटलं, नमुना वरून ठरून आलाय, आता बदलता येत नाही. ढीग 'इतर'च राहिला. पुढं घरी बसून काम करणाऱ्या बायकांच्या मजुरीवर बोलायची वेळ आली तेव्हा आकडे मागितले गेले, आणि आमच्या अहवालात ते नव्हते. म्हणजे होते, गठ्ठ्यात होते. लावले नव्हते. वर्गवारी तिनं केली होती आणि मी ती पुसली. फ्लेमिंगबाईंची हकिगत वाचली त्या दिवशी मला पिकरिंगचा राग आला नाही, माझीच लाज वाटली.

असो. आकाशाकडे परत येते.

हबलच्या ढिगांना एक खोड होती. इडल्यांना त्यानं 'आधीच्या' म्हटलं आणि चकल्यांना 'नंतरच्या'. वय सांगायचं नव्हतं, तक्त्यातली जागा सांगायची होती. पण शब्द असा चिकटतो की वाचणाऱ्याला वयच वाटतं. दीर्घिका खरोखर वयानं कशा बदलतात, त्यांचं तेज आणि रंग काळाबरोबर कसा पालटतो, हे नीट गणितानं मांडलं बिट्रिस टिन्स्ले यांनी, 1960 च्या दशकात. नवऱ्याची नोकरी ज्या गावी तिथं त्यांना काम नाही, घरी दत्तक घेतलेली दोन मुलं, लांबच्या गावी जाऊन-येऊन पीएच.डी. केली. शेवटी 1974 मध्ये घटस्फोट घेऊन बाहेर पडल्या, मुलं वडिलांकडे राहिली. पुढं येल विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि 1981 मध्ये चाळिसाव्या वर्षी कर्करोगानं गेल्या. मुलं सोडून गेलेली बाई म्हटलं की लोक काय बोलतात ते इथं सांगायला नको.

व्हेरा रुबिन यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. 1950 च्या डिसेंबरात त्या बाविशीच्या, मुलगा जेमतेम तीन आठवड्यांचा. दीर्घिकांच्या हालचालीवरचा निबंध परिषदेत वाचायचा होता. विभागातले वरिष्ठ म्हणाले, तुला बाळ आहे, मी जाऊन माझ्या नावानं वाचतो. त्या म्हणाल्या, नको, मी जाते. गेल्या, वाचला, टीका झाली, आणि वर्तमानपत्रानं मथळ्यात त्यांना 'तरुण आई' केलं. 1954 च्या पीएच.डी.त त्यांनी दाखवलं की दीर्घिका पुंजक्यांनी असतात, विखुरलेल्या नसतात. बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पालोमार वेधशाळेत 1965 मध्ये त्यांना रीतसर परवानगी मिळाली. बाईला तशी मिळण्याची ती पहिली वेळ. तिथं संडास एकच, दारावर पुरुषाचं चित्र. त्यांनी कागदाचा घागरा कापून त्या चित्राला चिकटवला.

त्यांचं पुढचं काम सगळ्यांत मोठं. अरुंधती केशातल्या दीर्घिकांच्या समूहाकडे बघून फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 मध्येच म्हटलं होतं, की या दीर्घिका इतक्या जोरात पळताहेत, तर दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर हा समूह टिकणं शक्य नाही, कधीच फुटला असता. न दिसणारं काहीतरी त्याला धरून आहे. लोकांनी ते बाजूला ठेवलं. 1970 च्या दशकात रुबिन यांनी केंट फोर्ड यांच्याबरोबर एकेक चकली मोजली आणि तेच निघालं : कडेचे तारेही आतल्यांच्याच वेगानं फिरतात. आज मानतात की विश्वातल्या द्रव्याचा सुमारे सहातला पाच हिस्सा असा न दिसणारा आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलंय ते अजून कुणालाच माहीत नाही, पण ते काढून टाकलं तर समूह उभा राहत नाही. ही उपमा मी पुढं ताणत नाही. तुमच्यातल्या दोघी आत्ताच हसल्यात, म्हणजे पोचलं.

नकाशाचं थोडक्यात सांगते. 1986 मध्ये व्हॅलेरी द लापारां ही विद्यार्थिनी, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाची एक फाक घेऊन तिच्यातल्या अकराशे दीर्घिकांची अंतरं मांडली. भांडी घासताना फेस होतो ना, तसं चित्र आलं : आत पोकळ बुडबुडे आणि दीर्घिका त्यांच्या पापुद्र्यावर. चित्राच्या मधोमध काड्यांचा माणूस उभा दिसतो. त्याचं धड म्हणजे अरुंधती केशातला समूह. सगळीकडे त्याला पुरुषच म्हटलंय, मला मात्र ती बाईच दिसते. 1989 मध्ये गेलर आणि हुक्रांनी पन्नास कोटी प्रकाशवर्षं लांबीची दीर्घिकांची भिंत दाखवली. आणि 2017 मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसरमधल्या शास्त्रज्ञांच्या गटानं मीन राशीच्या दिशेला, चारशे कोटी प्रकाशवर्षांवर, समूहांचा एक महासमूह शोधला, साठ कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. नाव ठेवलं सरस्वती. बाईचं नाव द्यायला आपण कधी मागं पडत नाही!

सरस्वती ज्या पाहणीच्या आकड्यांतून सापडली ती स्लोन पाहणी. तिथं सुमारे वीस वर्षं काय चालायचं माहीत आहे? ॲल्युमिनियमच्या तबकडीला शेकडो भोकं, दर भोक एका दीर्घिकेच्या किंवा ताऱ्याच्या जागेवर, आणि दिवसा माणसांनी बसून प्रत्येक भोकात हातानं एकेक तंतू खोवायचा. रात्री दुर्बीण चालायची. याच पाहणीतल्या नऊ लाख दीर्घिकांचे आकार ओळखायला 2007 मध्ये सर्वसाधारण लोकांना बोलावलं, तेव्हा लाखावर लोक बसले. त्यात हॉलंडमधली एक शाळाशिक्षिका होती, हॅनी व्हान आर्केल. तिनं विचारलं, इथं हा निळा डाग कसला? शास्त्रज्ञांना माहीत नव्हता. आज तो तिच्या नावानं ओळखतात.

त्याच कामातली एक गोष्ट मला फार आवडते. लोकांच्या नोंदींत डावीकडे वळणाऱ्या चकल्या उजवीकडच्यांपेक्षा जास्त निघाल्या. विश्वाला वळण आहे की काय? मग त्यांनी काही फोटो आरशातल्यासारखे उलटे करून दाखवले. तरी डावीकडच्याच जास्त! म्हणजे कल दीर्घिकांचा नव्हता, बघणाऱ्यांचा होता. उद्या दर दहा फॉर्ममधला एक आपण दुसरीकडून पुन्हा वाचून घेणार आहोत, तो त्रास कशाला, असं सकाळी कुणीतरी विचारलं होतं. त्यासाठी.

हा शेवटचा मोठा फोटो फिरवते, बोटं कडेला धरा. चिलीमधल्या डोंगरावर नवी वेधशाळा झाली आहे, व्हेरा रुबिन यांच्या नावाची. 2016 मध्ये त्या गेल्या, नोबेल न मिळताच. जून 2025 मध्ये तिथली पहिली चित्रं लोकांना दाखवली, त्यातलंच हे, कन्या राशीच्या समूहाकडचं. एम्सबाईंनी भिंग लावून मोजली तीच जागा. त्या पूर्ण चित्रात सुमारे एक कोटी दीर्घिका आहेत, आपल्या हातातला हा त्याचा तुकडा. दहा वर्षांत तिथं दोन हजार कोटी दीर्घिका टिपायच्या आहेत. मोजायला यंत्रं असतील, पण ढिगांची नावं अजून तीच आहेत.

आता उद्याचं. पहिला तास मुखपृष्ठाचा. फॉर्म भरणाऱ्या अकरा जणींची नावं कशी लिहायची, आडनाव लावायचं की आईचं नाव, हे त्यांनी आज रात्री ठरवून ठेवावं. माझं नाव त्यांच्या ओळीत, वर्णानुक्रमानं. दुसरं म्हणजे, नमुन्यात 'इतर' हा रकाना आहेच, पण त्यात टाकायच्या आधी प्रत्येक फॉर्म मावशींच्या कोपऱ्यात जाईल. मावशी, तुमच्या ढिगात आत्ता किती फोटो आहेत? नऊ? ते तसेच राहू द्या, जेवणानंतर बघू त्यात काय काय आहे.